भूतानला पक्षी आणि फुलं दोन्ही बघायचीत? मग एप्रिल की जून, ते आधी ठरवा

"पक्षी आणि रानफुलं, १२ दिवस, सोबत एक्स्पर्ट गाईड" असं कुठे वाचलं की वाटतं चला, एकाच तिकिटात दोन पिक्चर. मलाही तसंच वाटलेलं. आमच्या घरात पक्ष्यांचं वेड मला आणि फुलांचं नवऱ्याला, त्यामुळे भूतान म्हणजे भांडण न होता पार पडेल अशी पहिली सुट्टी असा आमचा हिशोब होता. दोनदा जाऊन आलो, एकदा एप्रिलच्या शेवटी आणि एकदा जून-जुलैत, आणि दोन्ही वेळा एकजण खूश आणि एकजण समजूतदार असंच झालं. म्हणून आता कुणी विचारलं की कधी जाऊ, कुठली टूर घेऊ, तर मी आधी उलट विचारते, परत आल्यावर काय राहिलं म्हणून चुटपुट लागेल तुम्हाला, ट्रॅगोपॅन हा रानकोंबड्यासारखा पक्षी की ब्लू पॉपी हे निळं फूल?

गोची अशी आहे की दोघांचं वेळापत्रक जुळत नाही. पक्षी एप्रिल आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात पेटलेले असतात, नर गात असतात, जोड्या जमत असतात, जागा ठरत असतात, आणि घनदाट हिमालयन जंगलात आवाज आला नाही तर पक्षी दिसायची आशा जवळपास सोडून द्यायची. फुलांचं म्हणाल तर एप्रिलात जी असतात ती झाडावर, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन आणि मॅग्नोलिया. ज्यांच्यासाठी फुलवाले लोक गुडघ्यावर बसतात ती जमिनीलगतची, प्रिम्युला, पॉपी, पेडिक्युलॅरिस वगैरे, ती झाडांची हद्द संपते त्याच्या वर, बर्फ वितळून पाऊस सुरू झाला की येतात, म्हणजे जून-जुलै, आणि फार तर ऑगस्टची सुरुवात. वर वाढायलाच तीन-चार महिने मिळतात, त्यात सगळं उरकायचं. त्यामुळे माहितीपत्रकात "फुलं" लिहिलंय ते एप्रिलच्या टूरचं असेल तर त्याचा अर्थ झाडं असा घ्या, आणि जूनच्या टूरमध्ये "पक्षी" लिहिलं असेल तर मिळतील ते, असा.

आधी एप्रिलचं सांगते कारण ते माझं लाडकं.

पक्ष्यांची खरी टूर म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे देश आडवा कापत जायचं. पारोला उतरायचं, नदीकाठी गोल दगडांत आयबिसबिल शोधायचा (दगडाच्याच रंगाचा पक्षी, त्याची वाकडी लाल चोच हलली तरच कळतं की हा दगड नाही), दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला निघून चेलेला. चेलेला म्हणजे ३९८८ मीटरची खिंड, गाडीने जाता येतं, आणि रस्त्यावर इतर गाड्या सुरू व्हायच्या आधी पोचलात तर ब्लड फेझंटचा थवा आणि मोनाल रस्त्याच्या कडेला कोंबड्यांसारखे चरताना दिसतात. उशिरा पोचलात तर नुसता व्ह्यू. मग थिंफू, दोचुला, पुनाखा. पुनाखाच्या नद्यांवर पांढऱ्या पोटाचा बगळा, म्हणजे व्हाइट-बेलीड हेरॉन, जगभरात नोंद असलेले ६० च्या आसपास उरलेत आणि त्यातले बरेच भूतानमध्ये. आम्हाला दिसला तो अर्धा किलोमीटर लांब, स्कोपमधून म्हणजे तिवईवरच्या दुर्बिणीतून, २० मिनिटं एका पायावर, काहीही न करता. माझे डोळे भरून आले, नवरा म्हणाला बगळाच आहे ना.

पुढे पेलेला, ३४२० मीटर, तिथून सॅटर ट्रॅगोपॅनच्या हाका ऐकायला सुरुवात होते. पहाटे धुक्यातून एखादं बाळ रडल्यासारखा आवाज येतो, अंगावर काटा येतो. दिसेलच असं नाही. आणि मग ट्रोंगसा, बुमथांग करत ज्याच्यासाठी सगळे पक्षीवाले एवढा प्रवास करतात तो रस्ता, थ्रुमशिंगलाची खिंड साधारण ३७८० मीटरवर आणि तिथून खाली सेंगोर, नामलिंगचे कडे, योंगकोला, लिंगमेथांग, एका रस्त्यात तीन हजार मीटर उतार. फरच्या जंगलातून निघायचं आणि केळी-बांबूत पोचायचं, आणि दर काहीशे मीटरला पक्ष्यांचा सगळा संच बदलतो. योंगकोलाच्या आसपास रुफस-नेक्ड हॉर्नबिल, म्हणजे लालसर मानेचा धनेश, वॉर्ड्स ट्रोगॉन, ब्युटिफुल नटहॅच, नशीब असेल तर चेस्टनट-ब्रेस्टेड पार्ट्रिजचा आवाज. जिथे कड्यांवर मोठ्या पहाडी मधमाश्यांची पोळी लटकतात तिथे यलो-रम्प्ड हनीगाईड बसलेला असतो, मेणाच्या आशेने. आणि रात्रभर लार्ज हॉक-कुकू ओरडतो. आपल्या पावशाचा हा सख्खा मोठा भाऊ, तीच चढत जाणारी हाक, पहिल्या रात्री तर झोपेत मला वाटलं पेरणीची वेळ झाली.

आता याच रस्त्यावर फुलं. फुलवाल्यांनी लगेच नाक मुरडू नका, कारण भूतानमध्ये ऱ्होडोडेंड्रॉनच्याच ४६ जाती नोंदल्यात, तिकडे त्यांना एथो मेथो म्हणतात, आणि त्यांचा बहर खालून वर चढत जातो. मार्चमध्ये खालच्या उतारांवर लाल आर्बोरियम, एप्रिलात दोचुलाच्या खाली लाम्पेरीच्या बोटॅनिकल पार्कमध्ये सगळी गर्दी, आणि मेमध्ये थ्रुमशिंगला-चेलेलाच्या उंचीवर पिवळे, जांभळे, पांढरे. ऱ्होडोडेंड्रॉन केसांगी नावाचा एक मोठ्या पानांचा आणि गुलाबी गुच्छांचा प्रकार आहे, भूतानच्या राजघराण्यातल्या केसांग राणीचं नाव दिलंय. आणि मॅग्नोलिया कॅम्पबेली, अंगावर पान नाही आणि ताटलीएवढी फुलं. आपला सोनचाफा त्याच कुळातला, हे सांगितल्यावर नवऱ्याचा चेहरा जरा उजळला. पण त्याची तक्रार खरी होती, की गाडी थांबते ती पक्ष्यासाठी. झाडाचं फूल गाडीतून दिसतं, मग सगळे म्हणतात दिसलं की, चला.

जूनची टूर म्हणजे वेगळाच प्राणी. इथे गाडी कमी आणि पाय जास्त. अगदी चालायचं नसेल तर चेलेला आणि हा व्हॅली एवढंच केलं तरी बरंच मिळतं, खिंडीतून प्रार्थनेच्या झेंड्यांच्या बाजूने धारेवर अर्धा तास वर चढलात की दगडांच्या फटीत निळ्या पॉपी आणि ओल्या गवतात प्रिम्युला. ज्यांनी ब्लू पॉपी फक्त फोटोत बघितलीय त्यांना सांगते, तो निळा कॅमेऱ्यात येत नाही. कागदासारख्या पातळ पाकळ्या, पावसाचा थेंब पडला की पाकळी भिजून काचेसारखी होते. भूतानचं राष्ट्रीय फूल असलेली जी पॉपी आहे ती आधी वेगळ्या नावाने ओळखायचे, काही वर्षांपूर्वी तिला स्वतंत्र जात मानून मेकोनॉप्सिस गाक्यिदियाना नाव दिलं, गाक्यिद म्हणजे आनंद. ती मात्र पूर्वेकडे जास्त, मेराक-साकतेंगच्या बाजूला, चेलेलाला दिसते ती निळी पॉपी तिची बहीण आहे हे लक्षात ठेवा, कारण काही टूरवाले सरसकट सगळ्यांनाच राष्ट्रीय फूल म्हणून खपवतात.

चालायची तयारी असेल तर जोमोल्हारी बेस कॅम्पचा ट्रेक, जांगोथांग म्हणतात त्या जागेला, ४०८० मीटर. सामान घोड्यांवर, आपण मोकळे. पहिले दोन दिवस नदीकाठचं जंगल आणि मग एकदम उघडं. बेस कॅम्पला एक दिवस मुक्काम ठेवून वरच्या उतारांवर गेलात तर र्‍हीयम नोबिल बघायला मिळतं, हे मला पॉपीपेक्षा जास्त आवडलं हे मान्य करते. रुबार्बच्या कुळातलं आहे, पण माणसाच्या कमरेच्या वर जाणारा फिक्कट पिवळा बुरुज उभा राहतो एकटाच उतारावर, बाहेरची पानं मेणकागदासारखी अर्धपारदर्शक, उजेड आत येतो आणि ऊब आतच राहते, म्हणजे झाडाने स्वतःभोवती ग्रीनहाऊस बांधलंय. एका दरीपलीकडून दिसतात, माणसं उभी आहेत असं वाटतं. नवरा दोन तास हलला नाही.

आणि पक्षी? अगदीच नाहीत असं नाही. कोकिळेच्या जातीतले अजून ओरडत असतात, स्नो पिजनचे थवे, वरती नशिबाने मोनालची मादी पिल्लं घेऊन. पण बाकीचे सगळे घरट्यात गुंतलेले, गाणं थांबलेलं, पानं दाट, आणि पाऊस. माझ्या चेकलिस्टची लांबी एप्रिलच्या निम्मीसुद्धा नव्हती. पाऊस दिवसभर पडतोच असं नाही पण ढग दिवसभर असतात, जोमोल्हारीचं शिखर आम्हाला चार दिवसात मिळून दहा मिनिटं दिसलं. मधल्या उंचीवर जळवा. मोज्यांवरून घालायचे जाड कापडी जळवामोजे आधीच घेऊन जा, मीठ-तंबाखूचे उपाय ओल्या पायांवर टिकत नाहीत. वर साडेतीन हजारच्या पुढे जळवांचा त्रास जवळजवळ संपतो, तेवढाच दिलासा.

या दोन्हींत माणसं ज्याचा विचारच करत नाहीत ती गोष्ट म्हणजे गाईड. थिंफू आणि पारोच्या बाहेर जायचं तर गाईड लागतोच, तसा नियम आहे, म्हणजे प्रश्न गाईड घ्यावा का हा नाहीच, कुठला हा आहे. नेहमीचा गाईड मठ, इतिहास, जेवण छान सांभाळतो. पक्ष्यांचा गाईड म्हणजे आवाजावरून नाव सांगणारा, स्कोप खांद्यावर घेऊन फिरणारा, आणि नाश्ता रस्त्याच्या कडेला मांडायला लावणारा. आम्हाला पहिल्या वेळी मिळालेला मुलगा कमाल होता, धावत्या गाडीत काचा खाली करून आवाज ओळखायचा. पण फूल विचारलं की प्रत्येक वेळी एकच उत्तर, "ऱ्होडोडेंड्रॉन मॅडम", एकदा तर आयरिसलापण. दुसऱ्या वेळी उलट, फुलांचा जाणकार नावं भराभरा सांगायचा आणि झाडीत काहीतरी शिट्टी वाजली की "स्मॉल बर्ड". दोन्ही तितकंच येणारे असतीलही, पण तुमच्या टूरवर तोच येईल हे गृहीत धरू नका, बुकिंगच्या आधी नाव विचारा, कुठल्या कुठल्या ग्रुपला घेऊन गेलाय विचारा. अजून दोन प्रश्न, एका गाईडमागे किती माणसं (सहाच्या वर असतील तर अरुंद पायवाटेवर शेवटच्या दोघांना फक्त पुढच्याची पाठ दिसते), आणि योंगकोलाला किती रात्री. एक रात्र म्हणाले तर ती पक्ष्यांची टूर नाही, साइटसीइंग आहे, मी तीनच्या खाली घेणार नाही. आणि हो, रेकॉर्डेड आवाज लावून पक्ष्याला पुन्हा पुन्हा बाहेर बोलावणारा गाईड असेल तर त्याला थांबवा, विणीच्या दिवसात त्या बिचाऱ्याला तेवढंच काम नसतं.

चाल हा पण मुद्दा आहे. पक्षीवाले पहाटे चारला उठतात, दुपारी गाडीत डुलक्या घेतात. फुलवाले नऊला उजेड बरा झाला की निघतात आणि शंभर मीटरला दीड तास लावतात. मिक्स ग्रुप असेल तर दुसऱ्या दिवसापासून धुसफूस सुरू, आमच्याबरोबर एक काका होते ते मॅक्रोवाल्यांना, म्हणजे फुलांचे अगदी जवळून फोटो काढणाऱ्यांना, उद्देशून "गवत कापून झालं का" असं रोज विचारायचे.

पैशाचं. भारतीय पाहुण्यांना एसडीएफ, म्हणजे सस्टेनेबल डेव्हलपमेंट फी, माणशी रात्रीला १२०० रुपये, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मी, त्याहून लहानांना नाही. १२ रात्रींचे १४,४०० झाले, आणि हे हॉटेल, गाडी, गाईड सोडून. सोबत परदेशी पासपोर्टवाले नातेवाईक असतील तर त्यांना रात्रीला १०० डॉलर, म्हणजे तिथे १२ रात्रींचेच १२०० डॉलर, मग त्यांच्यासाठी लांब पूर्वेची टूर परवडते का हे बसून बघावं लागतं. बाकी खर्चात एप्रिल महाग, सीझन असतो आणि पूर्वेकडे राहायच्या जागा मोजक्या, त्या पक्ष्यांच्या ग्रुपनी आधीच धरलेल्या असतात. जून-जुलैत हॉटेलं रिकामी, घासाघीस होते, पण ट्रेक घेतलात तर तंबू, स्वयंपाकी, घोडे यात ती बचत जाते. भूतानचं चलन न्गुलट्रम आणि आपला रुपया एकास एक, त्यामुळे हिशोबाला डोकं लागत नाही. कागदपत्रांत पासपोर्ट किंवा व्होटर कार्ड, आधार चालत नाही, हे दरवेळी कुणीतरी विमानतळावर शिकतं.

शरीराचं थोडं. एप्रिलच्या टूरमध्ये दमणूक गाडीची, बुमथांगहून मोंगारकडे जाणारा दिवस वळणं मोजण्यातच जातो, ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी आणि पुढची सीट दोन्ही धरावं. शिवाय पारो साधारण २२०० मीटरवर, तिथून पहिल्याच सकाळी जवळजवळ ४००० वर नेतात, डोकं दुखतं, म्हणून चेलेला तिसऱ्या दिवशी ठेवायला सांगा. जूनमध्ये दमणूक पायांची आणि ओलाव्याची. गुडघे कुरकुरत असतील तर ट्रेकचं नाव काढू नका, चेलेला-हा-बुमथांग गाडीने करा, बुमथांगच्या बाजूला ओल्या कुरणात जांभळे आयरिस आणि नशीब असेल तर लेडीज स्लिपर ऑर्किड दिसतं, तेही काही कमी नाही. पारोला विमान फक्त दिवसा आणि डोळ्यांना दिसतंय तेव्हाच उतरतं, पावसाळ्यात ढग बसले की सगळं पुढे ढकललं जातं, म्हणून जूनला परतीच्या आधी एक दिवस रिकामा ठेवणं हे लाड नाहीत, गरज आहे. एप्रिलात पूर्वेला भारताच्या सीमेवरच्या समद्रुप जोंगखारला उतरून गुवाहाटीहून परत यायचा पर्याय चांगला, आल्या रस्त्याने परत जावं लागत नाही, तुमचा टूरवाला ते करतो का विचारून घ्या.

कुणी म्हणेल ऑक्टोबर-नोव्हेंबर का नाही. हवा स्वच्छ, शिखरं लख्ख, फोब्जिखाच्या दरीत ऑक्टोबरच्या अखेरीपासून काळ्या मानेचे क्रौंच यायला लागतात आणि ११ नोव्हेंबरला गांगतेच्या मठात त्यांचा उत्सव असतो. क्रौंचांसाठीच जायचं तर जरूर जा. पण गाणारे पक्षी गप्प, फुलांत उशिराचे निळे जेंशियन सोडले तर फारसं काही नाही, त्यामुळे या तुलनेत मी तो महिना धरलाच नाहीये.

मग कुणी काय घ्यावं. घरात एकच वेडा असेल तर सोपं आहे, पक्ष्यांचा असेल तर एप्रिलचा दुसरा पंधरवडा ते मेचा पहिला आठवडा, लांब पूर्वेची टूर, आणि त्यात मठ-बाजार कमी करायला सांगा, कड्यावरचा टाक्त्सांग मठ मात्र ठेवा कारण चढताना वाटेवरच्या ऱ्होडोडेंड्रॉनवर मिसेस गोल्ड्स सनबर्ड मिळतो. फुलांचा असेल तर जूनचा शेवट ते जुलैचा मध्य, आणि पाऊस पडला म्हणून तोंड पाडणार नाही अशीच माणसं सोबत घ्या. पहिल्यांदाच जाताय, दोन्हीची आवड आहे पण वेड कशाचंच नाही, तर डोळे झाकून एप्रिल, कारण एप्रिलात फुलवाल्याला निदान अख्खा डोंगर लाल-गुलाबी मिळतो, जूनमध्ये पक्षीवाल्याला धुकं मिळतं. हे मी पक्षीवाली आहे म्हणून म्हणत नाहीये. थोडंसं म्हणतेय.

आणि आमच्यासारखं घर अर्धं-अर्धं वाटलेलं असेल तर एक जुगार आहे, मेचा तिसरा आठवडा. चेलेला आणि थ्रुमशिंगलाचे उंचावरचे ऱ्होडोडेंड्रॉन तेव्हा फुललेले असतात, वरच्या उंचीवरचे पक्षी अजून गात असतात कारण त्यांची वीण उशिरा सुरू होते, आणि धारेवर पहिल्या एक-दोन पॉपी उघडल्या असतील किंवा नसतील. पावसाची पहिली सर येईल किंवा नाही येणार. पुढच्या वर्षी आम्ही तो जुगार खेळणार आहोत, तारखा ठरल्या, गाईड ठरला, फक्त योंगकोलाला तीन रात्री की दोन आणि उरलेली एक चेलेलाला, यावर घरात अजून बोलणी चालू आहेत.